न्हाणीतला हत्ती

आमच्या सरांनी आयुष्यात काय काय चाटलं होतं ते मी सांगायला बसले, तर तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही. नदीकाठचे गोटे चाटले, विहिरीच्या खोदकामातली ढेकळं चाटली, आणि एकदा दर्यापूरच्या बसस्टँडवर पडलेल्या मुरमाच्या ढिगातून एक तुकडा उचलून तोही चाटला. तेव्हा बाकावर बसलेल्या एका बाईनं आपलं लेकरू पटकन जवळ ओढून घेतलं होतं. सर अमरावतीच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे, आणि दगड होऊन गेलेली जुन्या जनावरांची हाडं शोधणं हा त्यांचा नाद होता. हाड दगड झालं तरी त्यात बारीक छिद्रं राहतात, म्हणून ते जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. एवढंच त्यामागचं शास्त्र. जगभरचे लोक असंच करतात, असं ते आम्हाला सांगायचे. पण जगभरचे लोक चाटून झाल्यावर निदान थुंकत तरी असतील. सर डोळे मिटून, आमटीत मीठ बरोबर पडलंय का बघावं तशी चव घ्यायचे आणि म्हणायचे, "चिकटलं. हाड हाय."

मी त्यांची विद्यार्थिनी. आता अकोल्याला हाच विषय शिकवते. मीही चाटते, पण आजूबाजूला कुणी नाही ना ते आधी बघते. सरांनी ते कधी बघितलं नाही.

आम्ही पूर्णा नदीच्या काठानं हिंडायचो. पूर्णेनं दोन्ही बाजूंना जी माती आणून टाकलीय, तिच्यात जुने हत्ती, जुने बैल, जुनी हरणं पडलेली आहेत. कुणाला काही दिसलं की त्यानं फक्त ओरडायचं, हात लावायचा नाही. मग सर यायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, "पयले कोनाले दिसलं?" ज्याला पहिल्यांदा दिसलं त्यानंच ते उचलायचं. त्याचं नाव आणि ते नेमकं कुठे पडलं होतं ती जागा एका चिठ्ठीवर लिहायची आणि ती चिठ्ठी दोऱ्यानं त्या हाडाला बांधायची. हा सरांचा नियम. एकदा आमच्यातला एक जण शिंगाचा तुकडा बघून म्हणाला, "सर, हे आपल्याला सापडलं." सर म्हणाले, "आपल्याले म्हनजे कोनाले? डोये कोनाचे होते?" त्याला खरंच आठवेना. सरांनी आम्हा सगळ्यांना पुन्हा मागे चालत नेलं आणि कोण पुढे होतं, कोण मागे, हे ठरेपर्यंत उन्हात उभं केलं. शेवटी चिठ्ठीवर नाव लागलं ते आमच्या जीपवाल्याचं. तो नदीकडे लघवीला म्हणून गेला होता आणि येताना त्यालाच ते शिंग दिसलं होतं.

हा प्रश्न नदीकाठावर राहिला असता तर बरं झालं असतं. पण सर तो सगळीकडे न्यायचे. माझ्या साखरपुड्याला आले, पंगतीत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "स्थळ चांगलं हाय. पयले कोनाले दिसलं?" माझा मामा आणि माझी आत्या दोघंही एकदमच "मला" म्हणाले. ते भांडण अजून मिटलेलं नाही. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी आवारातलं पावसाचं पाणी अडवायची योजना "मला सुचलेली एक कल्पना" म्हणून मांडली. सर मागच्या रांगेतून म्हणाले, "पयले त आपल्या शिपायाले सुचली होती, मागच्या उन्हाळ्यात." त्यांना बढती का मिळाली नाही, हे यानंतर मला कुणी विचारू नये.

बढती न मिळण्याचं कागदोपत्री कारण मात्र वेगळं होतं. सरांचा एकही शोधनिबंध छापून आलेला नव्हता. दर वर्षी एखादा लिहायला घ्यायचे आणि कुठल्यातरी हाडाच्या जागेबद्दल शंका आली की तो कपाटात ठेवून द्यायचे. कॉलेजातले लोक त्यांना हसायचे. नवे पोरसवदा प्राध्यापक येऊन त्यांच्या पुढे गेले. सरांना नावाची हाव नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. लायब्ररीत नवं जर्नल आलं की ते आधी मागची पानं उलटून लेखकांची नावं वाचायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा मिठाईच्या दुकानाबाहेर उभ्या असलेल्या पोरासारखा व्हायचा आणि मला तो बघवायचा नाही.

आता शेवंताबाईंकडे वळते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. दर्यापूरच्या पुढे पूर्णेच्या काठी एक गाव आहे. दिवसभर हिंडून आम्ही चिखलानं भरलो होतो. बुद्धविहारामागच्या एका घरी पाणी मागितलं. घर शेवंताबाईंचं. बाई पन्नाशीच्या, गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष, बोलायला तिखट. "पयले पाय धुवा, मंग पानी," म्हणाल्या. सर मागच्या न्हाणीत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. शेवंताबाई बघायला गेल्या आणि त्यांची किंकाळी ऐकू आली.

"अव माय! सर, त्यानं आमी टाचा घासतो!"

मी धावत गेले. सर न्हाणीच्या दगडावर उकिडवे बसले होते आणि बाईंची वज्री चाटत होते. वज्री म्हणजे टाचा घासायचा दगड. ही चांगली वीतभर लांब, वरून पाट्याला टाकी लावल्यासारख्या आडव्या रांगा असलेली. सरांचे डोळे मिटलेले.

"चिकटलं," ते म्हणाले. मग डोळे उघडून फार हळू म्हणाले, "बाई, हा हत्ती हाय."

ती हत्तीची दाढ होती. हत्तीच्या दाढेवर तशाच रांगा असतात. शेवंताबाईंनी दाढेकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि शेजारच्या बायकांना हाक मारली, "या व, सर म्हन्ते आपन हत्तीनं टाचा घासून राह्यलो!" पाहता पाहता न्हाणीभोवती अर्धी आळी जमली.

सरांनी हात पाठीमागे बांधले. "पयले कोनाले दिसलं?"

"मी लगन होऊन आली तवा होतीच. सासू म्हने तिच्या सासूनं आनली. कुठून आनली थे तिलेच माहीत, अन् ती त गेली." आणि मग बाईंनी त्या वज्रीची सगळी कारकीर्द सांगितली. घरातल्या बायकांनी तिच्यावर टाचा घासल्या, राख लावून तवे घासले, वज्री खाली ठेवून तिच्यावर विळ्याला धारही लावली. सर सगळं मन लावून ऐकत होते. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. दिसलं कुणाला: शेवंताबाईंच्या आजेसासूंना. जागा: शेवंताबाईंची न्हाणी. त्याआधीची जागा: माहीत नाही.

दाढ त्यांनी मागून घेतली. बदल्यात पुढच्या वेळी येताना अमरावतीहून एक नवी पितळी वज्री नेऊन दिली. ती शेवंताबाईंना कधीच पसंत पडली नाही. आम्ही जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा आधी टाच दाखवून म्हणायच्या, "पाहा, ह्या भेगा तुमच्या पितळेच्या हाय. हत्ती होता तवा नवत्या."

मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेतले एक डॉक्टर, म्हणजे पीएच.डी.वाले, व्याख्यानाला अमरावतीला आले. नावाजलेला माणूस, इंग्रजी फर्डं. त्यांनी सरांच्या कपाटातली दाढ बघितली आणि हातातून सोडेनात. अभ्यासाला नेतो म्हणाले. सरांनी दिली, चिठ्ठीसकट दिली, आणि न्हाणीची सगळी गोष्टही सांगितली. डॉक्टर पोट धरून हसले. मी तिथे होते.

त्यानंतर बराच काळ गेला, आणि एक दिवस सरांचा फोन आला. "पोरी, छापलं."

परदेशातल्या जर्नलमध्ये पेपर आला होता. डॉक्टरांचं नाव, त्यांच्या विद्यार्थिनीचं नाव, आणि शेवटी आमच्या सरांचं नाव. सरांनी कॉलेजात पेढे वाटले. ज्यांनी त्यांना हसून घेतलं होतं त्यांना आधी वाटले. पहिलं पान लॅमिनेट करून घेतलं आणि काकूंनी ते बैठकीत खिळा ठोकून लावलं. काकूंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण येणाऱ्या प्रत्येकाला त्या पानावरचं सरांचं नाव बोट ठेवून दाखवायच्या. प्राचार्यांनी सत्काराची तारीख ठरवली. इतक्या वर्षांनी त्या माणसाला कुणी शाल घालणार होतं. मी नवी साडी घेतली.

आणि मग सरांनी पेपर वाचला. हो, तोपर्यंत वाचलाच नव्हता. या माणसानं उतावळेपणानं केलेलं दुसरं काही मला आठवत नाही. आनंदात माणूस आपलं नाव वाचतो आणि थांबतो.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी ते अकोल्याला माझ्या दारात उभे. उन्हानं चेहरा लाल झालेला, पिशवीत पेपर. पाणी प्यायले नाहीत. "वाच," म्हणाले.

पेपरात लिहिलं होतं की ही दाढ पूर्णेच्या काठच्या उभ्या दरडीतून, पिवळ्या मातीच्या थरातून, आहे त्या जागी मिळाली. पुढे दाढेवरच्या बारीक चऱ्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास होता. चरे खोल आहेत, एका दिशेनं जाणारे आहेत, त्यावरून हा हत्ती धुळीनं माखलेलं जाड गवत खात होता, म्हणजे त्या काळी वऱ्हाड कोरडं होतं, असा निष्कर्ष काढला होता. सुंदर आकृत्या होत्या. मी वाचत गेले आणि मला हसू आवरेना.

"हसून काहून राह्यली?" सर म्हणाले. "थे गवत नाई. थो शेवंताबाईचा विळा हाय."

मग माझं हसू थांबलं, कारण सर हसत नव्हते. त्यांनी माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. सरांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागलं.

"सर, तुमची चिठ्ठी मी वाचली होती," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पण न्हाणी असं कसं छापणार? कुणी घेतला असता का तो पेपर? गाव नदीकाठी आहे, दाढ नदीच्या दरडीतूनच आलेली असणार."

"आली असन. तुमी पायली काय?"

"सर, हा तपशील आहे."

"त्या गावाले दरडच नाई, डॉक्टर. तिथं घाट हाय. पायऱ्या हाय. तुमी गेले नाई तिथं."

मग सरांनी विचारलं, "ज्या पोरीनं चरे पायले, तिले चिठ्ठी दाखवली होती?"

"तिनं फार मेहनत घेतली आहे. निदान तिच्यासाठी तरी हे वाढवू नका. तुमचंही नाव आहे त्यात. विचार करा."

"मले थेच काढाचं हाय," सर म्हणाले. "माह्यं नाव."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्याशी भांडले. आजही भांडेन. मी म्हणाले, सर, तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. तुम्हाला छापण्याआधी कुणी विचारलंसुद्धा नाही. जगात हा पेपर वाचणारे लोक किती, आणि त्यातल्या एकाला तरी शेवंताबाईंची न्हाणी माहीत आहे का?

"मले माहीत हाय ना," सर म्हणाले.

"मग गप्प राहा ना! एवढ्या वर्षांनी नाव आलंय, ते स्वतःच्या हातानं खोडायचं?"

सरांनी पेपर घडी करून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "उद्या कोनी पोट्टा हे वाचून येईन. उन्हातानात हिंडन. पिवळा थर शोधन, दरड शोधन. तिथं नसन त म्हनन, मलेच दिसत नाई, माह्येच डोये खराब. माह्यं नाव पाहून येईन थो, पोरी. वऱ्हाडातला मानूस हाय, त्याले त माहीत असन, असं म्हनून येईन." आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना तेवढंच एकदा बघितलं. मी पाणी आणलं, ते या वेळी प्यायले.

अमरावतीला परतल्यावर त्यांनी दोन कामं केली. जर्नलला पत्र लिहिलं, आणि प्राचार्यांना अर्ज दिला. अर्ज आजही कॉलेजात लोक तोंडपाठ म्हणून दाखवतात: "माझा नियोजित सत्कार रद्द करावा, कारण हत्तीने गवत खाल्ले हे सिद्ध झालेले नाही." प्राचार्यांना वाटलं, उन्हाचा परिणाम आहे. त्यांनी काकूंना फोन करून सरांना कांद्याचा रस द्यायला सांगितलं.

यथावकाश पेपर मागे घेतला गेला. डॉक्टरांनी बोलणं टाकलं, आणि बाहेर एक बातमी पसरली. सरांना पहिलं नाव पाहिजे होतं म्हणे, शेवटचं मिळालं म्हणून आकस धरला. शेवटचं नावसुद्धा काढा म्हणणाऱ्या माणसाबद्दल हे बोललं गेलं, आणि कॉलेजातल्या लोकांनी, ज्यांनी त्याच पेपरचे पेढे खाल्ले होते, त्यांनी मान डोलावली. माझा संताप झाला. मी चार लोकांशी भांडून आले. सर म्हणाले, "जाऊ दे व. त्याइले चिठ्ठी कुठं माहीत हाय." काकूंनी लॅमिनेट केलेलं पान काढून ट्रंकेत ठेवलं, खिळा मात्र तसाच राहू दिला. त्याला आता कॅलेंडर आहे.

सरांना काळजी होती ती त्या विद्यार्थिनीची. तिला त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तिनं आधी फोन आपटला. काही दिवसांनी तिचा मला फोन आला, आणि मी सावरून बसले. तिनं विचारलं, "मॅडम, विळ्याला धार लावताना विळा पुढे ढकलतात की मागे ओढतात?" मी शेवंताबाईंचा नंबर दिला. पुढे त्यांचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण शेवंताबाई तिचं नाव आता पुतणीचं घ्यावं तसं घेतात.

दाढ कुरियरनं परत आली, चिठ्ठीशिवाय. तोवर सर निवृत्त झाले होते. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा लिहून दोऱ्यानं बांधली. मग मला घेऊन शेवंताबाईंकडे निघाले. "मांगून आनली होती. देऊन येऊ."

शेवंताबाईंकडे आता फरशीची न्हाणी झाली आहे आणि भिंतीला प्लॅस्टिकचा ब्रश टांगलेला आहे. त्यांनी दाढ हातात घेतली, वजन करून बघितलं, परत सरांच्या मांडीवर ठेवली. "मले काय कराची आता? कालेजात ठेवा. पोट्ट्याइले दाखवा." मग म्हणाल्या, "पन तिथं कोनाचं नाव लावान?"

"तुमच्या आजेसासूचं," सर म्हणाले. "पयले त्याइले दिसलं."

"अन् तुमचं?"

"माह्यं काहून? मले कुठं दिसलं पयले? तुमच्या तीन पिढ्या त्यानं टाचा घासून राह्यल्या होत्या."

शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. "अजी सर, एवढे शिकले तुमी! आजेसासूले वज्री दिसली. सासूले वज्री दिसली. मले वज्रीच दिसली. हत्ती कोनाले दिसला?"

परतीच्या जीपमध्ये सर दाढ मांडीवर घेऊन बाहेरचं सोयाबीन बघत बसले होते.

आता ती दाढ अमरावतीच्या त्या कॉलेजातल्या काचेच्या कपाटात आहे. कार्ड मी लिहिलं. विभागातल्या लोकांची परवानगी काढायला मला बरंच तोंड वाजवावं लागलं. कार्ड लावल्यावर मी सरांना बोलावलं. ते हळूहळू जिना चढून आले, चष्मा पुसला आणि कपाटाला नाक लावून वाचू लागले. कार्डावर लिहिलं आहे: हत्तीची दाढ. जागा: पूर्णाकाठच्या एका घरातली न्हाणी, त्याआधीची माहीत नाही. चरे: टाचा, तवे आणि विळा. वज्री पहिल्यांदा दिसली शेवंताबाईंच्या आजेसासूंना. आणि खालच्या ओळीत, हत्ती पहिल्यांदा दिसला, आणि पुढे सरांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

सरांनी खिशातून पेन काढलं. कपाटाचं दार उघडलं, कार्ड बाहेर घेतलं आणि शेवटच्या ओळीवर पेनाचं टोक ठेवलं. मला ते अपेक्षित होतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि विचारलं,

"सर, पयले कोनाले दिसलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दाढेकडे बघत उभे राहिले. मग पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि कार्ड होतं तिथे परत नीट उभं करून ठेवलं.

"मले," ते म्हणाले.